यंत्र आणि काटकसर

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस नवी मुंबई हे नियोजित शहर उभारण्यास प्रारंभ झाला. या शहरातील गृहस्थाच्या हाती आज मोबाइल आला आहे. बाजारहाट, तिकीट, वीजबिल ही सारी कामे तो त्यावरच उरकतो. या नव्या साधनाने माणूस अधिक काटकसरी होतो काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

प्रथम लाभाची बाजू पाहावी. छापील बिल नको असे कळविणाऱ्या ग्राहकास महावितरणने डिसेंबर २०१८ पासून दर बिलामागे १० रुपयांची सवलत देऊ केली. त्यामुळे कागद वाचला, छपाई वाचली आणि घरोघरी बिल पोहोचविण्याचे श्रमही वाचले. शिवाय मागील महिन्यांत किती युनिटे खर्ची पडली, हे ग्राहकास घरबसल्या पाहता येते. दहा वॅटचा दिवा शंभर तास जळला म्हणजे एक युनिट वीज लागते. एक किलोवॅट वीज घेणारे यंत्र तेवढीच वीज एका तासात संपविते. हा हिशेब डोळ्यांपुढे असला, की सुज्ञ मनुष्याचा हात आपोआप बटणाकडे जातो.

परंतु जे साधन खर्च दाखविते, तेच खर्चाचा मोहही घालते. पूर्वी आठवड्याची यादी करून गृहिणी एकदाच बाजारात जात असे. आता मनात येताच वस्तू मागविता येते. चार वस्तू चार दिवशी मागविल्या, तर चार खोकी आणि चार खेपा होतात. त्याच वस्तू एकदम मागविल्या, तर बहुधा एका खेपेत काम भागते.

वाचलेल्या कागदामागेही एक न दिसणारा खर्च असतो. मोबाइलवरील बिले आणि छायाचित्रे कोठेतरी साठवावी लागतात. नवी मुंबईतच ऐरोली, रबाळे, महापे या भागांत त्यासाठी मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तेथील संगणक अहोरात्र चालतात व तापतात. त्यांना थंड राखण्यासाठी पुन्हा वीज लागते. मोबाइल जुना झाला, की त्याचा कचरा होतो. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तथापि ग्राहकाने जुना मोबाइल संकलन केंद्रात दिलाच नाही, तर नियम काय करणार?

तात्पर्य, यंत्र हिशेब ठेवते. गरज कोणती आणि हौस कोणती, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. ज्या घरी हा विवेक जागा असतो, तेथेच मोबाइल काटकसरीचा सोबती होतो.