लहान कुत्र्यांचा कच्चा मांसाहार

भिलाई येथील मैत्री बाग हे प्राणिसंग्रहालय भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ साली उभे राहिले. पोलाद कारखान्याकडे त्याची व्यवस्था आहे, आणि तेथील पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत. वाघ कच्च्या मांसावर पोसला जातो हे सर्वांना ठाऊक असते. कारखान्याच्या वसाहतीत एखाद्या घरी पाळलेला चार किलो वजनाचा पॉमेरेनियन हाही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मांसभक्षी गणातीलच होय. मग त्याला तरी शिजवलेला भात आणि पोळी कशाला, असा प्रश्न मालकास पडला तर नवल नाही. १९९३ साली इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने कच्चे मांस व हाडे यांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिल्यापासून हा विचार जगभर पसरला आहे.

परंतु कुत्रा म्हणजे लहान आकाराचा वाघ नव्हे. तो लांडग्याचा वंशज खरा. तथापि हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्या अन्नावर वाढल्यामुळे पिष्टमय पदार्थ पचविण्याची क्षमता त्याच्यात आली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने ही गोष्ट स्पष्ट केली. शिवाय, कच्चे मांस खुद्द वाघालाही निर्धोक असतेच असे नाही. २००४ साली थायलंडमधील एका व्याघ्र-उद्यानात बर्ड फ्लूने दूषित झालेल्या कोंबड्या खाऊन कित्येक वाघ दगावले. त्याच वर्षी त्या देशात दूषित बदक खाल्लेला एक कुत्राही त्याच रोगाने मेला. भिलाईहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूला बळी पडले. तेथेही संशय कच्च्या कोंबडीवरच होता.

सर्वात जुना आणि आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित धोका मात्र फीतकृमीचा आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात व फुफ्फुसांत कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी आढळतात. खाटीक असा भाग कापून बाजूला टाकतो आणि तो नेमका कुत्र्याच्या तोंडी जातो. त्या गाठीतील सूक्ष्म अंकुरांपासून कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात. कुत्र्याला त्यांचा फारसा त्रास होत नाही. तो पूर्वीसारखाच खेळतो. सुमारे सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडू लागतात, अंगावरील केसांना चिकटतात, आणि त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावाटे पोटात जातात. मुलाच्या यकृतात मग तशीच गाठ हळूहळू वाढू लागते. तिचा पत्ता अनेक वर्षांनी लागतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून काळीज, फुफ्फुस व वजडी कच्ची कधीही देऊ नये. मांस कच्चेच द्यावयाचे तर ते उणे १७ ते उणे २० अंश सेल्सिअसला निदान एक आठवडा गोठविलेले असावे. साध्या एकदारी शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यात इतकी थंडी सहसा होत नाही, हे लक्षात ठेवावे.

गोठविल्याने कृमींचे अंकुर मरतात, जीवाणू मरत नाहीत. ते केवळ निद्रिस्त होतात. साल्मोनेला इत्यादी जीवाणू मांस वितळताच पुन्हा वाढू लागतात. अनुकूल उष्णतेत काही जीवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. म्हणजे एकाचे चार तासांत चार हजारांहून अधिक! भिलाईत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा दुपारी वाडग्यात उरलेला खिमा ‘संध्याकाळी खाईल’ म्हणून तसाच ठेवणे हा निव्वळ अविचार होय. वीस मिनिटांत जे खाल्ले जाणार नाही ते टाकून द्यावे. मांस सकाळी, डोळ्यांदेखत कापून घेतलेले असावे आणि लगेच थंड करावे. गोठविलेले मांस ओट्यावर न ठेवता शीतकपाटातच वितळू द्यावे. सुरी, फळी आणि वाडगे वेगळे असावेत, व ते साबण आणि कढत पाण्याने धुवावेत.

लहान कुत्र्याच्या बाबतीत चुकीला वाव कमी असतो. विश्रांतीच्या अवस्थेत तीस किलोच्या कुत्र्याला दर किलो वजनामागे सुमारे ३० कॅलरी लागतात, तर चार किलोच्या कुत्र्याला जवळजवळ ५०. त्यामुळे जुलाब होऊन दोन दिवस अन्न गेले नाही तर तो झपाट्याने खंगतो. त्याचा घसाही अरुंद. कोंबडीची मान त्यात अडकू शकते. शिवाय २०१८ साली मेलबर्न विद्यापीठातील पशुवैद्यांना कोंबडीचे कच्चे मांस, विशेषतः माना, खाणे आणि कुत्र्यांना येणारा एक प्रकारचा पक्षाघात यांत संबंध आढळला. शिजवलेले हाड तर मुळीच देऊ नये. त्याच्या टोकदार कपच्या होतात.

नुसते मांस हा पुरा आहारही नव्हे. शंभर ग्रॅम मांसात कॅल्शियम दहा-पंधरा मिलिग्रॅम, तर फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतो. वास्तविक कॅल्शियम किंचित अधिकच हवे. केवळ मांसावर वाढविलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात, पाय वाकतात, आणि उडी मारताच हाड मोडते. शंभर ग्रॅम मांसामागे अर्धा ते पाऊण ग्रॅम अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड मिसळल्यास ही उणीव बरीचशी भरून निघते. परंतु आयोडीन, जस्त आणि ड जीवनसत्त्व यांचा प्रश्न उरतोच. त्यासाठी पशुवैद्याकडून आहाराचा तक्ता करून घ्यावा. काळीज शिजवून, तेही आठवड्यातून एखाद्या वेळी थोडेसेच द्यावे, कारण अ जीवनसत्त्व शरीरात साठून अपाय करते.

घरात तान्हे मूल, गर्भवती, वृद्ध किंवा दीर्घ आजारी माणूस असेल तर कच्च्या मांसाचा विचारच सोडावा. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ सालापासून सर्वांनाच तसा सल्ला दिला आहे. खरे पाहता, बिनमिठाचे, कांदा-लसूण न घातलेले मांस आतपर्यंत ७५ अंश तापेल इतके उकडले, तर प्रथिनांचे पोषण फारसे घटत नाही, आणि जीवाणू व कृमी दोन्ही नष्ट होतात. गॅसवर दहा-पंधरा मिनिटांचे काम. ज्या मालकाला एवढे करूनही कच्चेच द्यावयाचे असेल त्याने पशुवैद्याच्या सल्ल्याने, प्राझिक्वांटेल असलेले कृमिनाशक कुत्र्याच्या वजनाप्रमाणे नियमित द्यावे, विष्ठा रोजच्या रोज उचलावी, आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांचे हात जेवणापूर्वी साबणाने धुववावेत.