नाव आमचं, पावतीबुक त्यांचं!

प्रश्न : रक्तदान शिबिरं घेणारा आमचा न्यास धर्मादाय कार्यालयात नोंदलेला आहे. आता शेजारच्या तालुक्यात दुसरेच लोक आमच्या नावाने पावत्या फाडतात. ट्रेडमार्क नाही म्हणून आमचा हक्क बुडाला का?
– एक विश्वस्त, लोहारा (जि. यवतमाळ)

उत्तर : नाही, हक्क बुडालेला नाही. मात्र धर्मादाय नोंदणी म्हणजे नावाची मालकी नव्हे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ आधीपासूनच्या वापराला संरक्षण देतो. म्हणून जुनी पावतीबुकं, शिबिरांची पत्रकं, लेखापरीक्षण अहवाल सांभाळा. आधी वकिलामार्फत नोटीस धाडा. तुमचे म्हणवून देणग्या उकळल्या असतील, तर पोलिसांतही तक्रार द्या.

ट्रेडमार्क नोंदणी करायची तर देणग्यांसाठी वर्ग ३६, वैद्यकीय सेवांसाठी ४४. २०१७ च्या नियमांनी ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रतिवर्ग ९,००० रुपये केलं. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योगांना ४,५००. न्यासाला ही सवलत आपोआप नाही. तेवढ्यासाठी अध्यक्षांच्या वैयक्तिक नावे अर्ज मुळीच करू नका. उद्या अध्यक्ष बदलले, की भांडण घरातच! रीतसर ठराव करून विश्वस्तांनी न्यासातर्फे अर्ज करावा.

आणि बोधचिन्हात लाल क्रॉस असेल, तर तो आधी काढा. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० नुसार परवानगीविना तो वापरता येत नाही, दंड होतो.