मानेतील गाठ : आकारमानापेक्षा लक्षणे महत्त्वाची

कन्हान नदीकाठच्या खापा गावात एखाद्या गृहिणीच्या मानेवर गाठ दिसली की घरातील सर्वांच्या मनात प्रथम कर्करोगाचीच शंका येते. नागपूरला जावयाचे तर दिवसाची मजुरी बुडते; न जावे तर झोप लागत नाही. अशा कुटुंबांना दिलासा व दिशा देण्यासाठी हा लेख.

मानेच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तीत गाठी होणे ही सर्वसामान्य बाब असून त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. शंभर गाठींत साधारणतः ७ ते १५ गाठी कर्करोगाच्या निघतात. त्या ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे सोनोग्राफी. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या या तपासणीत क्ष-किरण नसतात, वेदनाही होत नाहीत. रक्तातील टीएसएच तपासणीही आवश्यक आहे. परंतु ती योग्य आली म्हणून कर्करोग नाही, असे मात्र समजू नये.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टिरॅड्स’ पद्धतीत पाच गोष्टींना गुण दिले जातात : गाठ भरीव आहे की पाण्याची, ती पडद्यावर किती काळसर दिसते, आडवी आहे की उभी, तिची कड गुळगुळीत आहे की वेडीवाकडी, आणि आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत काय. गुण जितके अधिक, तितका धोका अधिक.

दोन उदाहरणे पाहू. पहिली गाठ २ सेंटिमीटरची, भरीव (२ गुण), आसपासच्या ग्रंथीसारखीच दिसणारी (१ गुण), गुळगुळीत कडेची. एकूण ३ गुण. अशी गाठ २.५ सेंटिमीटरची होईपर्यंत सुईने तपासण्याची सहसा गरज नसते. ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी पुरते. दुसरी गाठ अवघी १.२ सेंटिमीटरची, परंतु भरीव (२), काळसर (२) आणि उभी (३). एकूण ७ गुण. येथे १ सेंटिमीटरपासूनच सुईने पेशी काढून तपासणे योग्य ठरते. म्हणजेच लहान गाठ मोठीपेक्षा अधिक संशयास्पद असू शकते.

मग सर्वांचीच सरसकट सोनोग्राफी का करू नये? दक्षिण कोरियात तसे घडले. तेथे २०११ साली थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत सुमारे १५ पट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. कधीही त्रास न देणाऱ्या सूक्ष्म गाठींसाठी अनेकांवर शस्त्रक्रिया झाल्या. संपूर्ण ग्रंथी काढल्यावर जन्मभर गोळी घ्यावी लागते, आणि क्वचित आवाजाच्या नसेलाही इजा होते. अनावश्यक शस्त्रक्रिया टळणे, हेदेखील रुग्णसेवेचे यशच होय.

तथापि गाठ झपाट्याने वाढणे, आवाज बसणे, गिळताना अडथळा होणे, मानेत बाजूला दुसऱ्या गाठी येणे, बालपणी मानेवर किरणोपचार झालेले असणे किंवा घरात कोणास हा कर्करोग असणे, यांपैकी काहीही असल्यास विलंब करू नये.

रुग्णांच्या नातेवाइकांस एकच विनंती. सोनोग्राफीच्या अहवालात गाठीचे माप व वरील पाच गोष्टींची नोंद आहे ना, हे डॉक्टरांना विचारावे आणि जुना अहवाल जपून ठेवावा. पुढील तपासणीच्या वेळी तो सोबत असला, तरच गाठ वाढली की तशीच आहे, हे खात्रीने सांगता येते.