अदृश्य मार्गाचे वाटेकरी

दाट वस्तीच्या इमारतीत रात्री घरोघरी चलचित्रे पाहिली जातात. अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याचा गणिताचा पाठ पडद्यावर मध्येच थबकतो; शिक्षकांचे शब्द तुटतात आणि उदाहरण अर्धवट राहते. इंटरनेटची तार बिघडली, असे घरची मंडळी चटकन म्हणतात. पण पुष्कळदा तार निर्दोष असते. अडचण असते ती राऊटर व मोबाईल यांच्यामधील जागेत.

वायफायचे निरोप रेडिओलहरींवरून जातात. लहरींच्या एका मार्गावर, म्हणजे चॅनेलवर, सामान्यतः एका वेळी एकाच यंत्राने बोलावयाचे असते. दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही बोलणे व्यर्थ जाते. ही अडचण जुनीच आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे रेडिओने जोडली. निरोप एकमेकांवर आदळले, की प्रत्येक यंत्राने निरनिराळा वेळ थांबून पुन्हा बोलावे, असा साधा नियम त्यांनी योजला. वायफायमध्ये आणखी एक शिस्त आहे : आधी कानोसा घ्यावा, मार्ग मोकळा असेल, तरच बोलावे.

साहजिकच शेजारी वाढले, की खोळंबाही वाढतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरतात : १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह शेगडीही तेथेच गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मार्ग अधिक असतात; मात्र भिंती ओलांडताना त्या लहरी लवकर क्षीण होतात.

म्हणून आधी कारण शोधावे, मग उपाय योजावा. संगणक तारेने राऊटरला जोडून पाहावा. चित्र तरीही अडखळले, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या सेवेत असतो. सुरळीत चालले, तर तो लहरींच्या गर्दीत असतो. गर्दीच असेल, तर राऊटर घराच्या मध्यभागी उंचावर ठेवावा. जवळच्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा द्यावा. दूरचित्रवाणी संच जागचा हलत नाही. तो तारेनेच जोडावा. चित्राची स्पष्टता थोडी कमी केली, तरी निरोपांचा भार हलका होतो.

राऊटरची शक्ती वाढवणे हा मात्र खरा उपाय नव्हे. त्याचा आवाज दूरवर गेला, की अधिक शेजाऱ्यांची यंत्रे थांबून राहतात. आणि भिंतीपलीकडेही कोणीतरी मूल अभ्यासाला बसलेले असते. तारेने जोडलेला प्रत्येक संच त्या मुलासाठी थोडी वाट मोकळी करतो.

स्वाध्याय
१. दोष तारेत आहे की लहरींच्या गर्दीत, हे कसे ओळखावे?
२. राऊटरची शक्ती वाढवल्याने शेजाऱ्यांची अडचण का वाढते?