हिरवट फळीत पालक नको

निघोजे, महाळुंगे भागात कारखान्यांमागे पॅलेटच्या थप्प्या लागतात. भंगारवाल्याकडून त्या मोशी-चिखलीच्या गच्च्यांवर येतात आणि त्यांचे भाजीचे वाफे होतात. मी चाकणला मेंटेनन्समध्ये असल्याने सोसायटीत फळी आली की हाक येते, "काका, यात मेथी लावू ना?"

आधी शिक्का बघतो. गव्हाची लोंबी, देशाची दोन अक्षरं आणि एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर किमान 30 मिनिटं तापवलेलं, औषध नाही. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ते मी भाजीला घेऊ देत नाही. पण हा शिक्का लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून असतो. नंतर त्यावर कूलंट सांडलं की पेंट, हे तो कसं सांगणार? म्हणून नाकानं तपासायचं. तेलकट वास, काळे डाग असले तर पॅलेट बाद.

खरी भीती कूलिंग टॉवरच्या फळीची. जुने टॉवर लाकडी असत आणि सतत ओल्यात कुजू नये म्हणून त्या लाकडात दाबाखाली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण भरत. शोध आपल्याकडचाच, 1933 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी लावलेला. अमेरिकेनं घरगुती लाकडासाठी त्याचा वापर 2003 अखेर थांबवला. टॉवर मोडला की फळ्या भंगारात येतात. शेजारच्या वहिनींनी तशाच फळ्यांत पालक, मुळा लावला होता. फळी सरळ, जड, वाळवीचं एक भोक नाही; कुणालाही मोह पडावा! हिरवट झाक असते, पण उन्हापावसात ती उडून फळी राखाडी होते. तेव्हा रंगावर जाऊ नका, कुठून आली ते विचारा. सांगता आलं नाही तर भाजीला नको.

आर्सेनिक फळीलगतच्या मातीत उतरतं. टोमॅटो-वांग्याच्या फळात ते फारसं चढत नाही. मुळा, गाजर, पालेभाजीला मात्र मातीच चिकटते. वहिनींनी माती काढून टाकली, वाफा विटांचा केला. आंब्याची साधी फळीही चालते. कुजली तर बदलायची, त्यात काय एवढं!

उरलेल्या फळ्या त्या पाणी तापवायच्या बंबात घालणार होत्या. ते मुळीच करू नका. आर्सेनिक धुरात जातं, राखेतही राहतं, आणि राख आपण कुंड्यांत टाकतो.