शेवटचा पगार की शेवटचा हप्ता?

आमच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता 2036च्या ऑगस्टमध्ये जायचा होता. त्याच वर्षी हे 58 वर्षांचे होऊन अंबडच्या कारखान्यातून निवृत्त होणार, म्हणून 2021मध्ये कर्ज घेताना मुद्दाम पंधरा वर्षांचीच मुदत मागितली. 25 लाख रुपये, 6.9 टक्के व्याज, हप्ता 22,331. दोन वर्षांनी आयकरासाठी व्याजाचा दाखला आणायला बँकेत गेले, तर खाते-उताऱ्यावर शेवटच्या हप्त्याचं साल 2041. छपाई चुकली असेल म्हणून खिडकीवर विचारलं. चुकली नव्हती.

आमचं व्याज रेपो दराला बांधलेलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने तो दर 4 टक्क्यांवरून 6.5वर नेला आणि आमचं व्याज 9.4 टक्के झालं. बँकेने हप्त्याला हात न लावता मुदत लांबवली. हप्ता वाढला असता तर त्याच महिन्यात घरात बोंब झाली असती. मुदत वाढलेली कोणाला कळणार? खात्यातून तर तेवढेच पैसे जातात. ‘मेसेज पाठवला होता,’ असं तिथले साहेब म्हणाले. पाठवलाही असेल. कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणणाऱ्या ढीगभर मेसेजमध्ये तो कुठे गेला, देव जाणे.

मी लग्नापासून घरखर्चाची वही लिहिते. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीसही करते, आणि ती यापुढेही करीन. पण वहीत ‘हप्ता’ या शब्दापुढे फक्त रक्कम होती. संपण्याची तारीख लिहायला हवी, हे तेव्हापासून ठरलं. आता दर एप्रिलला ती ताजी करून लिहिते.

तारखेचा एवढा घोर का, ते सांगते. खासगी नोकरीतल्या बहुतेकांची पीएफची पेन्शन 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर मोजतात. ती मर्यादा गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. तीस वर्षं नोकरी झाली, वर दोन वर्षांची सवलत धरली, तरी महिन्याला सात हजारांच्या आतच. (वाढीव पगारावर पेन्शन मिळालेल्यांची गोष्ट वेगळी.) त्यातून बावीस हजारांचा हप्ता कुठला भरणार? मग पीएफची एकरकमी पुंजी कर्जात घालायची आणि म्हातारपणी मुलांकडे हात पसरायचा. त्यामुळे निवृत्तीचं नियोजन विचारायला कोणी आलं की मी आधी विचारते, तुमचा शेवटचा हप्ता कधी आहे?

त्या दिवशी बँकेतच बसून दोन हिशेब मागून घेतले. हप्ता तोच ठेवून 2041पर्यंत भरत राहिलो, तर पुढे एकूण साधारण साडेअठ्ठेचाळीस लाख जाणार होते. हप्ता 25,900च्या आसपास नेला, तर कर्ज पुन्हा 2036ला संपून साडेचाळीस लाखांच्या आत भागत होतं. महिन्याचे साडेतीन हजार आणि एकूण आठ लाख! हे आधी ‘झेपेल का?’ म्हणाले. दोन महिने ओढाताण झाली. पुढच्या पगारवाढीत ती विरली.

असा पर्याय मागणं म्हणजे बँकेची मेहरबानी नव्हे. ऑगस्ट 2023च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे कर्जदाराला विचारावं लागतं. दर तिमाहीला उताराही द्यावा लागतो: किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, किती हप्ते उरले. त्यातला ‘उरलेले हप्ते’ हा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा तीनने कमी आहे ना, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात.

बोनस आला की आम्ही आता थोडी रक्कम कर्जात भरतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड लावता येत नाही. आमच्या त्या वेळच्या आकड्यांत एका लाखाने शेवटचे बारा हप्ते उडत होते. अर्जात ‘मुदत कमी करावी’ असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर हप्ता कमी होतो आणि ते पैसे किराण्यात जिरतात. 2025मध्ये रेपो दर उतरला, तेव्हाही आम्ही हप्ता होता तेवढाच ठेवला. मात्र सहा महिन्यांचा घरखर्च आणि आरोग्यविमा बाजूला असल्याशिवाय जादा भरायला जाऊ नये. एकदा कर्जात गेलेला पैसा अडीअडचणीला परत मिळत नाही. त्यापलीकडची सात टक्क्यांची ठेव आणि साडेनऊ टक्क्यांचं कर्ज एकाच बँकेत ठेवणारे लोक मात्र मला अजून समजलेले नाहीत.

‘कर्ज ठेवा, कर वाचतो,’ हा सल्ला शेजारपाजारी हमखास मिळतो. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने शंभर रुपये व्याज भरलं, तर कर वाचतो वीस-एकवीस रुपये. बाकीचे गेलेच की! शिवाय ही सवलत जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. दुसरीकडे एप्रिल 2025पासून नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. ह्यांचा पगार साडेनऊ लाख. व्याजाचे दोन लाख आणि 80सीचे दीड लाख दाखवूनही जुन्या प्रणालीत तेवीस हजारांहून जास्त कर बसत होता, नव्यात शून्य. कारखान्यात जुनी प्रणाली सांगितली असली, तरी पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना बदल करता येतो. दोन्हीकडे आकडे मांडून बघावेत. आणि वजावट गेली म्हणून पीपीएफ बंद करू नये. त्याचं व्याज नव्या प्रणालीतही करमुक्तच आहे.

कर्ज फिटल्यावरचं काम लोक विसरतात. बँकेने मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे असतात; तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. पण कर्ज घेताना कोणते कागद दिले, तेच पंधरा वर्षांनी आठवत नसेल तर मागणार काय? खरेदीखत, इंडेक्स दोन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जे जे दिलं त्याची शिक्क्यासह पोच आणि झेरॉक्स घरी हवी. कर्ज चालू असेल तर ती यादी आजही बँकेकडून मागता येते. ‘ना देणे’ दाखला मिळाला की त्याची प्रत सोसायटीला देऊन दप्तरातली कर्जाची नोंद काढून घ्यायची, म्हणजे पुढे घर विकताना किंवा मुलांच्या नावावर करताना खेटे घालावे लागत नाहीत.