टाळ ऐकून एक्सपोर्ट करा

सीमाभागातल्या आमच्या कोगनोळी गावच्या भजनातल्या एका बुवांचं तासाभराचं रेकॉर्डिंग त्यांच्या घरच्यांनी स्टुडिओत करून घेतलं होतं. मोबाईलवर पाठवायला हलकं पडावं म्हणून स्टुडिओवाल्याने ३२ केबीपीएसची एमपी३ दिली, साधारण १४ एमबीची, आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. पुढे बुवा गेले. पुण्यतिथीला स्पीकरवर लावायला चांगली फाईल द्या म्हटल्यावर स्टुडिओतून ३२० केबीपीएसची, दहापट मोठी फाईल आली. मी ती मुद्दाम हेडफोनवर ऐकली. बुवांचा आवाज कळत होता, पखवाजही बरा होता. टाळ मात्र पाण्यात बुडवून वाजवल्यासारखा. 'श' आणि 'स' तर विरूनच गेलेले.

हे असंच होणार होतं. कान ज्याकडे फारसं लक्ष देत नाही ते गाळायचं, यावरच एमपी३ चालते, आणि बिटरेट, म्हणजे केबीपीएसचा आकडा, फार उतरवला की पहिला बळी वरच्या पट्टीचा. टाळ, चिपळ्या, 'स', 'श' सगळे तिथेच. एकदा गाळलेलं परत भरता येत नाही. ३२ ची ३२० केली तर फाईल फुगते, आवाज तोच राहतो.

हिशेब सोपा आहे. केबीपीएसला सेकंदांनी गुणा, ८ ने भागा, की केबी मिळतात. १२८ ला तासाचे ५७.६ एमबी, सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाईलला, म्हणजे १४११ केबीपीएसला, सुमारे ६३५ एमबी. ठरावीक बिटरेटला शांतताही तेवढीच जागा खाते.

मूळ रेकॉर्डिंग जपलं तर काय होतं तेही बघा. जात्यावरच्या ओव्या गोळा करायला हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे संशोधक गावोगाव फिरले. ओव्या गाणाऱ्या बायकांचे आवाज आज 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात, ते मूळ टेपा कुणीतरी जपल्या म्हणून. आपल्या सीमाभागातले किती आवाज फक्त कुणाच्यातरी मोबाईलवर आहेत, या विचाराने मला खरंच धास्ती वाटते.

म्हणून एडिटिंग संपलं की आधी वेव्ह काढा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्यातूनच हवी तशी एमपी३ करा. नुसतं प्रवचन असेल तर मोनो ६४ पुरतं. भजनाला मी स्टिरिओ १९२ च्या खाली जात नाही. पाठवायला फाईल जड होत असेल तर बिटरेट पाडू नका, तुकडे करा: १९२ वर तासाचे सहा भाग केले तर एकेक भाग १४.४ एमबीचाच होतो, त्या बिघडलेल्या फाईलएवढाच. आणि टाळ जिथे दुगणीत जातो तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा आधी एक्सपोर्ट करून हेडफोनवर ऐका.

स्टुडिओत काम दिलं असेल तर पैसे चुकते करण्याआधी वेव्ह पेनड्राइव्हवर घ्या. नुसता फाईलचा आकार बघून घेऊ नका, एमपी३ पासून केलेली वेव्हही तेवढीच मोठी भरते. तिथेच बसून टाळ ऐका.